वाचकांचे प्रश्न : मिशनच्या शाळेतला गणवेश

एप्रिलपर्यंत या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक परीक्षा, गुण आणि शिकवणी यांविषयी असतात. जूनचा तिसरा आठवडा उलटला की त्यांची जागा गणवेशाची पत्रे घेतात. यंदाच्या पत्रांपैकी बरीचशी मराठवाड्यातल्या कॅथलिक संस्थांच्या शाळांविषयी असल्याने या अंकात तेवढीच घेतली आहेत. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि जिथे धर्मभगिनी औषधालाही सापडणार नाही अशा शाळांच्या पाट्यांवरही तो शब्द झळकतो; येथे विचार केला आहे तो फादर आणि सिस्टर यांनी प्रत्यक्ष चालवलेल्या शाळांचा. माझ्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी कॅथलिक नाही, वारकरी घरातली आहे, आणि धर्मभगिनींच्या शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. शेवटची सहा वर्षे पर्यवेक्षिका असल्याने सकाळी फाटकावर उभे राहून बूट, नखे आणि रिबिनी तपासण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे उत्तरांमध्ये दोन्ही बाजूंचा थोडा थोडा पक्षपात आढळेल.

आदरणीय मॅडम, माझी मुलगी यंदा आठवीत गेली. ती सायकलने शाळेत जाते. शाळेत मुलींना नववीपर्यंत स्कर्ट आहे आणि तिला आता त्यात अवघडल्यासारखे होते. सलवार किंवा पँट चालेल का, असे ऑफिसात विचारले, तर 'हा मिशनचा नियम आहे, वरून आलेला आहे' असे उत्तर मिळाले. चर्चचा खरोखरच असा काही नियम असतो का? — एक आई, लातूर

नसतो. कॅथलिक चर्चची जी कायदेसंहिता १९८३ पासून लागू आहे, तिच्यात धर्मगुरूंनी योग्य पोशाख करावा आणि संन्यस्तांनी आपापल्या संघाचा वेश धारण करावा, अशी कलमे आहेत. कॅथलिक शाळा कोणाला म्हणावे आणि तिच्यावर बिशपांची देखरेख कशी असावी, याचीही कलमे आहेत. विद्यार्थ्याने काय घालावे याविषयी मात्र त्या संहितेत काही नाही. गणवेश ठरवते ती त्या त्या शाळेचे व्यवस्थापन, आणि म्हणूनच एकाच धर्मप्रांतातल्या, म्हणजे एकाच बिशपांच्या अखत्यारीतल्या, आणि एकाच शहरातल्या दोन कॅथलिक शाळांचे गणवेश वेगळे असतात. छत्रपती संभाजीनगरचा धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा होऊन १९७७ साली स्थापन झाला. त्यातल्या काही शाळा धर्मप्रांताच्या आहेत आणि काही निरनिराळ्या संन्यस्त संघांच्या. तेव्हा 'वरून' याचा अर्थ फार तर मुख्याध्यापक सिस्टरांच्या खोलीतून किंवा त्यांच्या संघाच्या प्रांतिक कार्यालयातून, एवढाच घ्यावा.

ज्याला आपण 'मिशनचा' पोशाख म्हणतो तो पिनाफोर (सदऱ्यावर घालायचा बिनबाह्यांचा झगा), टाय, चुण्यांचा स्कर्ट हा सारा इंग्रजी शाळांचा वारसा आहे आणि त्यात धर्माचे म्हणून काहीही नाही. शालेय गणवेशाचे जुने आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणून मूळच्या लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेचे नाव घेतात. ती १५५२ साली अनाथ आणि गरीब मुलांसाठी निघाली आणि तिथल्या मुलांना निळे लांब अंगरखे मिळत. म्हणजे जो वेश आज खर्चिक शाळेची खूण म्हणून ओळखला जातो, तो आरंभी दुसरे कपडे नसलेल्यांना दिलेला कपडा होता. ही शाळा कॅथलिक नव्हे, हेही लक्षात घ्यावे.

आता आपल्या मुलीविषयी. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत स्कर्टची लांबी तपासायची एक रीत होती : मुलीने फरशीवर गुडघे टेकून ताठ उभे राहायचे आणि स्कर्टची कड फरशीला टेकली पाहिजे. तपासणाऱ्या आम्ही सगळ्या बाया होतो, तरीही आठवी-नववीतल्या मुलींचे चेहरे त्या वेळी कसे होत हे मला अजून आठवते. पुढे स्कर्ट जाऊन सलवार-कमीज आणि पांढरी ओढणी आली. ओढणीची घडी घालून तिला दोन खांद्यांवर दोन आणि पाठीवर एक अशा तीन पिना लावायच्या असत. सायकलवरच्या मुलींची पाठीमागची पिन निसटली की ओढणीचे टोक चेनमध्ये जाई आणि मुलगी काळ्या ग्रीसचा डाग घेऊन प्रार्थनेला उभी राही. अशा दोन मुली एकाच आठवड्यात पडल्या, त्यातल्या एकीच्या हनुवटीला टाके पडले, आणि पुढच्या जूनपासून कुर्ता, पँट आणि वर जाकीट असा वेश ठरला. हा बदल कोणत्याही न्यायालयाने करवला नव्हता. सतरा पालकांच्या सह्यांचे एक पानी पत्र आणि त्यासोबत ती ग्रीस लागलेली ओढणी, एवढेच व्यवस्थापनापुढे ठेवले होते.

आपणही तसेच करावे. एकट्या मुलीसाठी सवलत मागू नये, कारण आठवीतल्या मुलीला वर्गात एकटे वेगळे दिसणे स्कर्टपेक्षाही जड जाते. सायकलने येणाऱ्या मुलींच्या पालकांना एकत्र आणावे, पँटचा पर्याय सर्व मुलींना मागावा, आणि लोकांचे कापड यंदा घेऊन झालेले असल्याने बदल पुढच्या वर्षापासून व्हावा असे लिहावे. मधल्या काळात स्कर्टच्या आत गुडघ्यापर्यंतची काळी सायकलिंग शॉर्ट घालण्यास कोणतीही सिस्टर हरकत घेणार नाही.

आमचे घर वारकरी आहे. मुलगा पाचवीत असून नाथषष्ठीला त्याला तुळशीची माळ घातली. शाळेत शारीरिक शिक्षणाच्या सरांनी 'गळ्यात काहीही चालणार नाही' म्हणून माळ काढून दप्तरात ठेवायला लावली. घरी आल्यावर मुलगा जेवेना. राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिलेले असताना शाळा असे करू शकते का? तक्रार कुठे करावी? — एक वडील, पैठण तालुका

आपला मुलगा का जेवला नाही, हे मला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. माझे आजोबा माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. पण आपण कायद्याचा प्रश्न विचारला आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देते, आणि ते आपल्याला फारसे आवडणार नाही.

राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते हे खरे. परंतु तिसाव्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि गणवेश ठरवणे हा संस्था चालवण्याचाच भाग समजला जातो. हे दोन हक्क एकमेकांसमोर आले म्हणजे काय होते, याचे जवळचे उदाहरण केरळचे आहे. तिरुवनंतपुरमच्या एका कॅथलिक शाळेतल्या दोन मुस्लिम विद्यार्थिनींनी डोक्याला रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालू द्यावा अशी मागणी केली होती. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती फेटाळली आणि एका व्यक्तीचा हक्क संस्थेच्या व्यवस्थापनाच्या व्यापक हक्कावर मात करू शकत नाही, असे सांगितले. कर्नाटकातल्या हिजाबच्या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याची वेळ आली. पण ते प्रकरण सरकारी आदेशावरून उभे राहिले होते, खासगी अल्पसंख्याक शाळेच्या नियमावरून नव्हे. तेव्हा खासगी कॅथलिक शाळेविरुद्ध न्यायालयात जाणे हा लांबचा, खर्चाचा आणि अनिश्चित मार्ग आहे, आणि तोवर आपला मुलगा दहावी होऊन जाईल.

आपल्या बाजूचे जे आहे ते न्यायालयाबाहेर आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ साली आपल्या शाळांना काही मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर व्हावा, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी विद्यार्थ्यांकडून राज्यघटनेची उद्देशिका म्हणवून घ्यावी, असे त्यांत आहे. तुळशीच्या माळेचा उल्लेख त्यात असणार नाही, हे उघड आहे. तरीही मुख्याध्यापकांशी बोलताना त्या सूचनांचा दाखला देणे हे घटनेचे कलम आपटण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण ते त्यांच्याच घरातले बोलणे आहे.

सरांची बाजूही ऐकून घ्यावी. कबड्डीत किंवा दोरीवरच्या उड्यांत गळ्यातला दोरा कशात अडकला तर इजा होते, आणि ती भीती खोटी नाही. परंतु ती भीती तासाच्या चाळीस मिनिटांची आहे. वर्गात सदऱ्याचे वरचे बटण लावलेले असते, त्यावर टाय असतो. आत तुळशीचे बारीक मणी आहेत की नाहीत हे कोणालाही दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. आपण मुख्याध्यापकांना लेखी असे कळवावे की माळ हा दागिना नसून घेतलेल्या व्रताची खूण आहे, ती सदऱ्याच्या आत राहील, आणि मैदानी खेळाच्या वेळी ती अंगाबरोबर घट्ट राहील अशी आखूड करून दिली जाईल. वारकरी मंडळींत गळ्याबरोबर बसणारी माळ घालतातच. माझ्या शाळेत अशी माळ घातलेली निदान वीसएक मुले माझ्या डोळ्यांदेखत दहावी झाली, आणि त्यांतल्या एकाला नाताळच्या नाटकात जोसेफची भूमिका होती. दिग्दर्शन करणाऱ्या सिस्टरनी त्याला माळ काढायला सांगितले नाही, फक्त उपरण्याची गाठ वर घ्यायला सांगितली.

आम्ही कॅथलिक आहोत. मुलीच्या गळ्यात प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मिळालेला चांदीचा क्रूस आहे. शाळा आपल्याच धर्माची असूनही वर्गशिक्षिकेने तो काढायला लावला. इतरांना नियम लावावा, पण आपल्याच शाळेत आपल्याला? — एक आई, वैजापूर तालुका

आपले पत्र मी मुद्दाम आधीच्या पत्राच्या शेजारी ठेवले आहे. घोगरगावच्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनचे काम चालू आहे आणि चार पिढ्यांच्या श्रद्धेनंतर शाळा 'आपली' वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चांदी ही चांदी असते. ती हरवली, चोरीला गेली किंवा खेळताना तुटली की उद्या आपणच शाळेला जबाबदार धराल. सिस्टरांनी क्रूस चालू दिला आणि माळ काढायला लावली, तर त्या शाळेत नियम उरलाच नाही असे म्हणावे लागेल. वर्गशिक्षिकेने योग्य केले. मुलीला काही जवळ असावेसे वाटत असेल तर दोऱ्यात ओवलेला लहान लाकडी क्रूस सदऱ्याच्या आत ठेवण्याची परवानगी मागावी, म्हणजे माळेला जो न्याय तोच क्रूसाला लागेल. जपमाळ मात्र गळ्यात घालू नये. ती हातात घेऊन म्हणण्याची असते, हे आपले फादरही सांगतील.

मुलगा सीनियर केजीत आहे. तुळजापूरचा नवस असल्याने त्याचे जावळ अजून काढलेले नाही. केस खांद्यापर्यंत आहेत. शाळा म्हणते, कापून आणा. — एक पालक, धाराशिव जिल्हा

शाळेला तारीख द्यावी. 'अमुक नवरात्रात जावळ निघेल, तोवर केस विंचरून, घट्ट वेणी घालून पाठवू' असे दोन ओळींचे पत्र पुरते. आपल्या भागात जन्म काढलेल्या कोणत्याही बाईंना जावळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. केरळ किंवा गोव्याहून नुकत्याच आलेल्या सिस्टरना कदाचित सांगावे लागेल, तेव्हा ते न चिडता सांगावे. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते : तारीख दरवर्षी पुढे ढकलू नका. 'नवस आहे' म्हणून दुसरीपर्यंत आलेला एक मुलगा मी पाहिला आहे, आणि नवस त्याच्या आजीलाही आठवत नव्हता.

आम्ही नांदेडचे दखनी शीख आहोत. मुलाला मिशनच्या शाळेत घालायचे आहे. पटका आणि कडे यांवरून अडचण येईल का? — एक वडील, नांदेड

सचखंड हुजूर साहिबच्या गावात ही अडचण सहसा येत नाही. नांदेडच्या शाळांना पटक्याची सवय आहे. शाळा फार तर पटक्याचा रंग गणवेशाला जुळणारा, म्हणजे गडद निळा किंवा काळा असावा असे सांगेल आणि ते सांगणे वाजवी आहे. कडे सपाट आणि बिनधारेचे असावे. कृपाणाविषयी आपण विचारले नाही, तरी मुलाने पुढे अमृत घेतले, म्हणजे खालसा दीक्षा घेतली, तर प्रश्न येईलच, म्हणून सांगते : कृपाण धारण करणे हे शीख धर्माचरणात समाविष्ट आहे असे पंचविसाव्या कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणात शब्दशः लिहिलेले आहे, आणि असा नावानिशी उल्लेख दुसऱ्या कोणत्याही धर्मचिन्हाला मिळालेला नाही. प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांशी बोलून लहान, म्यानात शिवलेले आणि कपड्याच्या आत राहील असे कृपाण ठरवून घ्यावे.

दोन मुलांचा गणवेश शाळेने सांगितलेल्या एकाच दुकानातून घ्यावा लागतो. शर्ट, पँट, टाय, बेल्ट, मोजे, शनिवारचा पांढरा ड्रेस, हाउसच्या, म्हणजे मुलाच्या शाळेतल्या गटाच्या, रंगाचा टी-शर्ट. बाजारापेक्षा भाव बराच जास्त आहे. सक्ती कायदेशीर आहे का? — एक पालक, बीड

नाही. ठरावीक दुकानातूनच खरेदी करा अशी सक्ती शाळांनी करू नये, असे राज्याच्या शिक्षण विभागाने वारंवार बजावले आहे, आणि सीबीएसईने आपल्या शाळांना २०१७ साली तसेच परिपत्रक काढले होते. शाळा नमुना ठरवू शकते. दुकान ठरवू शकत नाही. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. तिच्या बैठकीत आपण एकच मागणी करावी : कापडाचा नमुना, रंगाची छटा आणि शिलाईचा तक्ता सूचनाफलकावर लावावा, बिल्ला आणि टाय शाळेत मिळावेत, बाकीचे पालकांनी हवे तिथून घ्यावे. सोलापूर हे शालेय गणवेशाच्या शिलाईचे मोठे केंद्र आहे आणि आपल्यापासून फार दूर नाही. नमुना हाती असेल तर दहा-पंधरा पालक मिळून तिथून घाऊक भावाने कपडे आणू शकतात.

शाळेची अडचणही सांगते. प्रत्येकाने आपापल्या दुकानातून आणले की प्रार्थनेच्या रांगेत निळ्याच्या सात छटा दिसतात, आणि कोणाची छटा महाग हे मुलांना आपल्या आधी कळते. म्हणून रंगाचा आग्रह मी गैर मानत नाही, पण त्यासाठी एकाच दुकानाचा मक्ता लागत नाही. एकाच ठिकाणाहून सर्वांना कपडे देण्याचा प्रयोग खुद्द राज्य सरकारने जिल्हा परिषदेच्या आणि इतर सरकारी शाळांसाठी २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून करून पाहिला. कपडे उशिरा पोचले, मापे बसेनात, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला.

मुलींचे पिनाफोर तयार घेण्याऐवजी शिंप्याकडून शिवून घेता आले तर अवश्य शिवावेत. तयार कपड्यात खालची दुमड जेमतेम दीड इंच असते आणि बाजूच्या शिलाईत दाब नसतो. गल्लीतला शिंपी सांगितले तर चार इंच दुमड ठेवतो आणि दोन्ही बाजूंना बोटभर दाब सोडतो, म्हणजे तोच कपडा दोन वर्षे पुरतो. दुमड उसवली की जुन्या कडेची एक गडद रेघ उमटते, कारण आतल्या कापडाला ऊन लागलेले नसते. आमच्या शाळेत काही आया त्या रेघेवर पांढरी फीत शिवून देत. एके वर्षी एका नव्या शिक्षिकेने 'गणवेशात फीत नाही' म्हणून हरकत घेतली, तेव्हा तेव्हाच्या मुख्याध्यापक सिस्टरनी भर स्टाफरूममध्ये आपल्या झग्याची कड उलटून दाखवली. तिलाही ठिगळाची पट्टी होती. त्यानंतर फितीचा विषय निघाला नाही.

हाउसच्या टी-शर्टासाठी एक लहानसा उपाय आहे आणि तो बहुतेक शाळांना सुचत नाही. सख्ख्या भावंडांना एकाच हाउसमध्ये घालावे, म्हणजे थोरल्याचा लाल टी-शर्ट धाकट्याला येतो. अर्ज केला तर कोणतीही शाळा हे करील.

परभणीचे एप्रिलचे ऊन आपल्याला ठाऊक आहे. तरी टाय आणि बूट-मोजे सक्तीचे. — एक पालक, परभणी

पारा चाळिसाच्या वर असताना दोन-तृतीयांश पॉलिस्टर असलेल्या सदऱ्याची कॉलर टायने आवळून ठेवण्यात कोणती शिस्त आहे, हे मला नोकरीत असतानाही उमगले नव्हते. होळीपासून परीक्षा संपेपर्यंत टाय नको आणि बुटांऐवजी सँडल चालतील, एवढे मागावे. शक्य असेल तिथे अधिक सुती कापडाचा आग्रह धरावा. ते चुरगळते, पण मुले चुरगळलेलीच बरी दिसतात.

मामाच्या लग्नात मुलीच्या हातावर मेंदी काढली होती. सोमवारी शाळेत तिला दोन तास वर्गाबाहेर उभे केले आणि सगळ्यांसमोर हात वर करायला लावले. ती आता शाळेत जायला नको म्हणते. आम्ही काय करावे? — एक आई, जालना

या पत्राचे उत्तर देण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे वाचकांनी ठरवावे. पर्यवेक्षिका झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी सहावीतल्या एका मुलीला अशाच मेंदीसाठी नळावर नेले होते आणि वजरीने हात घासायला लावले होते. मेंदी निघत नसते, हे बाई असून मला ठाऊक होते. तिचे तळवे लाल झाले आणि नक्षी तशीच राहिली. पुढे पंधरा दिवस वर्गात उत्तर येत असूनही तिने हात वर केला नाही. उत्तर जागेवरूनच पुटपुटायची. हे माझ्या लक्षात तिच्या गणिताच्या बाईंनी आणून दिले. मी तिच्या आईला बोलावून माफी मागितली, मुलीची मात्र मागितली नाही, आणि ते आता करता येत नाही.

नियम असणे आणि नियमभंगासाठी मुलीला चारचौघांत उभे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला कोणताही आधार नाही. शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर काढल्या गेल्या, आणि काही व्यवस्थापने तेवढेच लक्षात ठेवतात. परंतु ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला अनावश्यक मानसिक किंवा शारीरिक यातना देणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या पंचाहत्तराव्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्यातून कोणतीही शाळा सुटत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानेही राखी, टिळा किंवा मेंदी यांवरून मुलांना शिक्षा होऊ नये, असे राज्यांना सणांच्या दिवसांत लिहिले आहे.

तरीही पहिल्याच दिवशी आयोगाकडे जाऊ नका. मुलीला सोबत न नेता मुख्याध्यापकांची वेळ घ्या. 'मेंदीला परवानगी द्या' असे म्हणू नका, कारण मग बोलणे नियमावर जाईल आणि नियमाच्या बाजूने बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ असते. मेंदी लग्नाची होती, ती आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल, आणि असे काही असेल तेव्हा डायरीत चिठ्ठी पाठवली तर मुलीला काही बोलले जाऊ नये, एवढेच मागा. झाल्या प्रकाराबद्दल त्या शिक्षिकेने मुलीशी दोन शब्द बोलावेत, आणि ते वर्गासमोर बोलावेत, कारण उभे केले होते तेही वर्गासमोरच. हे सारे एका पानावर तारखेसह लिहून न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शाळेचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.